खंडेनवमीला बंद केलेलं यंत्र

वारज्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत बारा जणांचं कामाचं चॅट ऑफिसातल्याच एका यंत्रावर चाले आणि ते यंत्र मी सांभाळायचो. गिऱ्हाइकाची अट होती, त्यांच्या कामाची एक ओळही बाहेर जाता कामा नये. म्हणून मी त्याला असं कुलूप घातलं होतं की एकदा बंद पडलं तर चार शब्दांचा पासवर्ड दिल्याशिवाय आतलं काही उघडणार नाही. पासवर्ड कागदावर लिहिणाऱ्यांना मी हसायचो. मागच्या दसऱ्यानंतर ते यंत्र बसवलं, तेव्हापासून ते एकदाही बंद झालं नव्हतं.

दसऱ्याची सुटी संपवून आलो तर सगळ्यांचं चॅट ठप्प. यंत्रावर झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं आणि पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट. पहिले दोन शब्द आठवले, चौथाही आठवला. तिसरा काही केल्या आठवेना. बॅकअपलाही तेच कुलूप होतं.

ऑफिसची साफसफाई करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. खंडेनवमीला त्या दर वर्षी सगळी मशिनं बंद करून पुसायच्या, मग पूजा करून पुन्हा चालू करायच्या.

"सायेब, म्याच बंद केलं त्ये. माझ्यामुळं बिघडलंय का?"

"बघतो," मी म्हणालो.

मालकांनी विचारलं तेव्हा पूजेसाठी बंद केलं होतं, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. मालकांनी मावशींकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर बघू, म्हणाले. काय बघू ते मावशींना कळलं, मलाही कळलं. तरी पासवर्ड मीच विसरलोय, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

ते चार शब्द म्हणजे मी पूर्वी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचो, तेव्हा वाटेत लागणारी चार दुकानं. स्कूटर काढून तिथे गेलो. तिसऱ्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालेलं. आधी इथे काय होतं, असं शेजारच्या दुकानदारांना विचारलं.

"आधी शांतता होती," वर न बघता ते म्हणाले. मग म्हणाले, "छत्र्या दुरुस्त व्हायच्या."

छत्री! ऑफिसात येऊन तिसरा शब्द टाकला आणि दुपारी यंत्र सुरू झालं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली.

पुढच्या खंडेनवमीला मावशींनी सगळ्या मशिनांना माळा घातल्या. त्या यंत्रापाशी मात्र त्यांनी हात मागे घेतला.

"ह्याला तुमीच घाला, सायेब. मला भ्या वाटतंय."

मी त्यांच्या हातातून माळ घेतली आणि घातली. चूक माझी होती, हे तेव्हाही सांगितलं नाही.