रांद्रियानारिमांगांची सतरावी खोली

आमच्या अंबुसिट्रा गावात बाजाराच्या चढावर बाकुलीचं टीचभर दुकान होतं. ती रेडिओ दुरुस्त करायची. बायका म्हणायच्या, हिनं हात लावला की मुका रेडिओसुद्धा सासूच्या तक्रारी सांगायला लागतो. सी नावाची संगणकाची भाषा ती एका जुन्या पुस्तकातून आपली आपणच शिकली. त्या पुस्तकाची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली होती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तिचे वडील रांद्रियानारिमांगा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले वक्ते. लग्नाची मागणी घालायला वरपक्षाकडून बोलावं तर त्यांनीच. आवाज मधाचा, म्हणी तोंडपाठ. खोड एकच, म्हातारबुवांना थांबता येत नसे. भाषणाआधी क्षमा मागायची आमच्याकडे रीत आहे, पण हे आभाळाची मागायचे, पूर्वजांची मागायचे, यजमानांची मागायचे आणि शेवटी यजमानांच्या कुत्र्याचीही. एका मागणीच्या वेळी त्यांच्यापायी भात दोनदा शिजवावा लागला होता.

त्या वर्षी वक्त्यांच्या स्पर्धेसाठी गावच्या मंडळानं बाकुलीकडून दिव्यांची पाटी करून घेतली. जो बोलेल त्याचं नाव लाल दिव्यांत सरकत राहायचं. परीक्षक रामिसा गुरुजींनी बटणं दाबून आपला शेरा लिहायचा, आणि तो निकालापर्यंत यंत्राच्या पोटात गुपचूप राहायचा.

आदल्या दिवशी वडील दुकानात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "पाटीवर माझं नाव तुटलेलं दिसलं, तर या दुकानाला कुलूप. मग माझ्याबरोबर भाताच्या खाचरात चिखल तुडवायचा."

"मोजलंय बाबा. आपल्या रोमन लिपीत सोळा अक्षरं. गावात एवढं लांब नाव दुसऱ्या कुणाचं नाही."

"असणार कसं?" म्हातारा फुलला. "राहतं कुठं ते, या डब्यात?"

"ओळीनं खोल्या असतात. एका खोलीत एक अक्षर. नाव किती लांब, हे यंत्र कुठं लिहून ठेवत नाही. शेवटच्या अक्षरापुढं एक शून्य बसवायचं. वाचणारा पहिल्या खोलीपासून निघतो आणि शून्य भेटलं की थांबतो."

"नाही भेटलं तर?"

"तर चालतच राहतो. शेजाऱ्याच्या घरात शिरतो नि तिथलंही वाचत सुटतो."

"अगदीच अडाणी," वडील म्हणाले. "कुठं थांबावं एवढंही कळू नये?"

बाकुलीनं ओठ चावून हसू गिळलं. त्या हसण्याच्या नादातच तिनं सोळा अक्षरांना मोजून सोळा खोल्या दिल्या. बिचाऱ्या शून्याला जागाच उरली नाही. तिनं पाटी चालवून पाहिली, पण नाव ठाकठीक दिसलं. कारण शेजारी शेऱ्याचं घर होतं, ते रिकामं, आणि रिकाम्या घराच्या दारातच एक शून्य बसलेलं. पाटी त्या उसन्या शून्यावर थांबत होती.

स्पर्धेच्या दिवशी पंधरा अक्षरी नावाचे वक्ते राझाफिमानांत्सुआ निर्विघ्न पार पडले. मग वडील खांद्यावरची शाल सारखी करून उभे राहिले. पाटीवर नाव आलं, पुरतं, सोळाच्या सोळा. बाकुलीचा जीव भांड्यात पडला.

वडिलांनी क्षमा मागायला सुरुवात केली. कुत्र्यापर्यंत पोचले तेव्हा रामिसा गुरुजींनी बटणांना हात घातला. पाटीवर नावामागोमाग शब्द सरकू लागले: रांद्रियानारिमांगाआवाजगोड.

गुरुजींच्या पहिल्याच अक्षरानं दारातलं ते उसनं शून्य पुसलं होतं. चूक कुठं झाली ते बाकुलीला तिथंच दिसलं. पण वडील बोलत असताना पाटी विझवायची म्हणजे नावच पुसायचं, आणि कुलूप तर ठरलेलं.

गुरुजी मान खाली घालून लिहीतच होते: अजूनक्षमाचमागतायत. माणसं खुसुखुसु हसू लागली. वडिलांना वाटलं, म्हणी रंगल्या. त्यांनी आणखी चार काढल्या. पाटीनं पुढचं सांगितलं: यांनाकोणीतरीबसवा.

आता मैदान गडबडा लोळायचं तेवढं राहिलं होतं. वडील वळले. त्यांनी पाटी सावकाश, बोटानं अक्षरं लावत वाचली. मग गर्दीत बाकुलीला शोधून काढलं. ती चपलेकडं बघत होती.

"मंडळी," म्हातारा म्हणाला, "माझ्या मुलीनं मला सोळा खोल्या दिल्या, शून्य काही दिलं नाही. ते माझं मीच आणतो." आणि बसला.

इतकं छोटं ते जन्मात बोलले नव्हते. क्षणभर कुणाला कळेचना. गुरुजींनी भराभर जुनं खोडलं, नवं लिहिलं, आणि ते सगळ्या गावानं एकदमच वाचलं: रांद्रियानारिमांगाशेवटउत्तमपहिलानंबर.

घरी जेवणानंतर रिवाजाप्रमाणं भांड्याच्या बुडाशी करपलेल्या भाताचं गरम पाणी पिताना बाकुलीनं विचारलं, "कुलूप आणू?"

"नाव तुटलं होतं का?"

"नाही. उलट जास्तच झालं."

"मग? जास्त झालं तर कुलूप, असं कुठं ठरलं होतं?" म्हातारा भांड्यात बघत म्हणाला. "ती खोली मात्र वाढव."

तिनं सतरा खोल्या केल्या. पुढच्या वर्षी पाटी नीट चालली, तर अर्धं गाव मंडळाकडं तक्रार घेऊन गेलं, की आदल्या वर्षीचीच बरी होती. आणि वडील मागणीला बोलायला उभे राहिले की बाकुली आता मागं उभी असते. भात झाला की अंगठा नि बोट जुळवून गोल शून्य दाखवते. वडिलांना ते पहिल्याच वेळी दिसतं, पण ऐकतात ते तिसऱ्या वेळी.