एका कोयत्याला एक ओळ

“मॅडम, यादीत माझं नाव न्हाई.” कौसाबाई टेबलासमोरून हलायला तयार नव्हती.

मिरजगावात ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांचं शिबिर चालू होतं. मी सरकारी कामगार अधिकारी. यादीचा नमुना मीच आखलेला. पुन्हा पाहिलं. तिच्या नवऱ्याचं नाव होतं, पण तो मागच्या हंगामातच तिला सोडून गेला होता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. टोळी जमवणारा मुकादम वहीत फक्त पुरुषाचं नाव लिहितो. मी मागच्या हंगामाची ती वही जशीच्या तशी कॉम्प्युटरवर चढवली होती. एका कोयत्याला एक ओळ.

“कार्ड कशाला हवंय?”

“पोरीच्या हॉस्टेलला. तोडीला जातो ह्याचा पुरावा मागत्यात. सोमवारी प्रवेश बंद. न्हाई मिळाला तर तिला संगं न्यावं लागंल.”

तिच्या टोळीचा मुकादम शेजारीच होता. “न्या की. एकटी बाई म्हंजे अर्धा कोयता. पोरगी आली की पुरा होतोय.”

“तुमची पोरगी कालेजात, आन् माझी फडात व्हय, दादा?”

मुकादमाने मोबाईल काढला आणि त्यात बघत बसला.

युनियनचे गर्जे अण्णा पुढे आले. “संपात घोषना द्यायला बाया चालत्यात. सरकारच्या यादीत चालत न्हाईत?”

“अण्णा, तुमच्या सभासद वहीत किती बाया आहेत?”

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “तिथंबी कोयताच हाय.”

मी साहेबांना फोन लावला.

“यादी मंजूर झालीय. पुढच्या हंगामात बघू.”

“साहेब, नियमात ‘कामगार’ असा शब्द आहे. ‘कोयता’ कुठेच नाही. नियमाबाहेर आपलीच यादी आहे. चूक माझी आहे.”

“लेखी द्याल?”

“आत्ता देते.”

तो शुक्रवार होता. शनिवार-रविवार अण्णा आणि मी नवी यादी करायला वस्तीवर फिरलो. एका माणसाला एक ओळ, नाव स्वतःचं. प्रत्येक नावाला टोळीतले दोन साक्षीदार आणि मुकादमाची सही हवी होती. साक्षीदार लगेच मिळाले. मुकादम अडला.

“बायांच्या नावावर मी सही करत नसतो.”

अण्णा शांतपणे म्हणाले, “नका करू. मंगळवारी टोळी ट्रकात चढनार न्हाई.”

मुकादमाला टोळी कारखान्यावर वेळेवर पोचवायची होती. त्याने सगळ्या पानांवर सह्या केल्या, एकदाही मान वर न करता.

सोमवारी सकाळी कौसाबाईला कार्ड मिळालं. दुपारी मुलीचा प्रवेश झाला. मंगळवारी कौसाबाई एकटीच तोडीला गेली. ज्या टोळ्या आधीच निघून गेल्या होत्या, त्यांतल्या बायका मात्र त्या वर्षी यादीबाहेरच राहिल्या.

ती यादी मी तीनदा तपासली होती. तिन्ही वेळा त्यात असलेलीच नावं तपासली होती.