जलीलच्या मणक्याचा फोटो

भोरात वरात निघाली आणि ढोलावर जलील असला, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी येताच तो तीन ठोके द्यायचा. धूम, धूम, धूम. चालू गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नसायचा. नवरदेवाच्या मामाला वाटायचं, हा आपलाच मान. पण ते ठोके असायचे जलीलच्या बायकोसाठी, सकिनाभाभीसाठी. वरात पोचवून घरी येतोय, अंघोळीचं पाणी ठेव, एवढाच त्यांचा अर्थ. मी त्याच बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो, आणि त्या तीन ठोक्यांपुरता थांबून श्वास घ्यायचो.

जलील मनानं लोण्यासारखा, पण ढोलाच्या बाबतीत महाखडूस. दुसऱ्या बँडच्या वाजवण्यावर त्यानं उभ्या जन्मात मान डोलावली नाही. त्याच्या चुलतभावाच्या लग्नाला बाहेरच्या तालुक्यातला बँड आला होता. सगळं वऱ्हाड नाचत होतं आणि आमचा हा गडी खुर्चीत दगडासारखा बसून होता. पायाचा अंगठासुद्धा हलू दिला नाही त्यानं.

दोन हजार तीन साली त्याची कंबर धरली. वर्षानुवर्षं गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला तो धोंड्यासारखा ढोल, दुसरं काय होणार? कळ कमरेतून निघून पोटरीपर्यंत उतरायची. आमचे बँडमास्तर कोंडिबा म्हणाले, "पडून ऱ्हा, हलू नगंस." मास्तरांचा शब्द म्हणून जलील अख्खा पावसाळा फळीवर पडून राहिला. तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला, आणि ढोल गेनूच्या गळ्यात गेला. गेनू पोरगा गुणी, पण लय धरणं त्याला जमेना. पहिल्या वरातीला आम्ही गल्लीवरून गेलो. गल्लीच्या तोंडाशी मी सवयीनं श्वास घेतला आणि ठोके आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाभी म्हणाली, "भावजी, काल तुमी पुढं ग्येलात आन् ह्यांनी उशीत तोंड घातलं. सासूबाईंच्या मयतीला पन ह्यांना असं बघितलं न्हवतं."

मी आत गेलो. जलील छताकडे बघत होता. "सावळ्या," तो म्हणाला, "ढोल ग्येला तर म्या करू काय? मला दुसरं येतंय काय?"

मी त्याला उठवून दवाखान्यात नेलं. मग भोरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि मी त्याला एसटीत घालून पुण्याला एमआरआय काढायला नेलं. गळ्यातला ताईत काढून घेतला, त्याला त्या बोगद्यात सरकवलं आणि मशीन सुरू झालं. टक टक टक टक, मग घर्र, मग पुन्हा टक टक. काचेआडचा पोरगा सारखा माइकवरून सांगत होता, "काका, हलू नका." आतून आवाज यायचा, "म्या कुठं हलतोय?" मला मात्र बोगद्याबाहेर आलेली त्याची पावलं दिसत होती. दोन्ही पावलं ठेका धरून होती. बाहेर आल्यावर आमचे जलीलसाहेब काय म्हणाले माहितंय? "वाजवनारा बरा हाय रं. चौथ्या ठोक्याला जरा मागं पडतोय."

मिळालेली फिल्म आम्ही डॉक्टरला दाखवायच्या आधी भोरच्या एसटी स्टँडवर उघडली. नाही तरी आमच्याकडे फोटो आधी गाव बघतं, मग डॉक्टर. कोंडिबांनी ती उन्हात धरली. सगळं धूसर. "मनकं इरघळल्यात," मास्तर म्हणाले. स्टँडवर केळ्याचा गाडा लावणारा जलीलचा मेहुणा मतीन म्हणाला, "ऑपरेशन क्येलं तर मानूस आडवा, न्हाई क्येलं तर कायमचा आडवा." ह्याला म्हणतात धीर देणं! जलीलनं फिल्म पाकिटात घातली आणि रात्री जेवला नाही.

मला असा संताप आला होता, की दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन मी पुण्याच्या मणक्याच्या डॉक्टरबाईंसमोर उभा राहिलो. बाईंनी फिल्म काचेवर लावली आणि हसायलाच लागल्या.

"हा मणका नाही, नाच आहे. आत काय करत होतात?"

मी खरं ते सांगितलं. बाईंनी पुन्हा एमआरआय काढायला पाठवलं. जलील घाबरला, कारण ठेका कानावर पडला की त्याचं अंग त्याचं राहायचं नाही. मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या चुलतभावाच्या लग्नातला तो बँड आठव. आत तोच वाजवतोय असं समज."

गडी आत गेला आणि मशीन बंद होईस्तोवर अंगठासुद्धा हलला नाही. काचेआडचा पोरगा म्हणाला, इतका स्थिर पेशंट त्यानं बघितला नव्हता.

नवी फिल्म स्वच्छ आली. बाईंनी बोट ठेवून दाखवलं, "दोन मणक्यांच्या मधे ही गादी असते. ही तुमची जरा सुकलीय, मागे फुगून शिरेला टेकलीय. चाळिशीनंतर केस पिकतात ना, तसंच. ज्यांची कंबर दुखत नाही, त्यांच्याही फोटोत असलं निघतं. मी नुसत्या फोटोवर इलाज करत नाही." मग त्यांनी त्याला निजवून पाय उचलायला लावले, चवड्यांवर आणि टाचांवर चालवलं. पायात जोर होता.

"ऑपरेशन?" जलीलनं विचारलं.

"आत्ता नाही. पायातला जोर जायला लागला, तर तो विचार. लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आता थोडे दिवस गोळ्या, चालणं आणि व्यायाम. तरी कळ राहिलीच तर मणक्यात इंजेक्शन आहे. आणि ते फळीवर पडणं आधी बंद करा. त्यानंच जास्त आखडलात."

मी मनात मास्तरांना हात जोडले.

"आन् ढोल?"

"वाजवा की. गळ्यात मात्र सध्या अडकवायचा नाही. गाड्यावर ठेवा."

झालं! येताना एसटीत नसरापूरला हा माणूस एकदम उसळला, "गाड्यावर? लोक म्हंतील, जलील केळी इकाय लागला!"

व्यायाम मात्र त्यानं इमानानं केला, आणि तोही ठेक्यात. आम्ही तालमीला जमलो की हा सतरंजीवर पाठ उचलायचा आणि मास्तर ताल द्यायचे. पापक्षालनच ते. थंडी सरेपर्यंत पोटरीतली कळ गेली, कमरेतली निम्म्यावर आली. पण गाड्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. शेवटी भाभीच कडाडली.

"मला तीन ठोकं ऐकू आलं पायजेत. ढोल गळ्यात हाय का गाड्यावर, ते मला चुलीपाशी बसून दिसत न्हाई!"

संध्याकाळी जलील स्वतः मतीनकडे गाडा मागायला गेला.

भोरातलीच वरात होती. केळ्याच्या गाड्याला आम्ही झालर लावली, ढोल वर बांधला, मतीन ढकलायला. सुरुवातीला जलील मान खाली घालून वाजवत होता. पण बाजारपेठेत आलो आणि त्याच्या लक्षात आलं, की अंगावर ओझं नाही, हात मोकळे आहेत. मग जे काय वाजवलं त्यानं! उत्रोलीहून आलेले म्हातारे फेटे सावरत नाचायला उतरले.

गल्लीचं तोंड आलं. आम्ही सगळे आपापलं वाद्य खाली घेऊन थांबलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

धूम. धूम. धूम.

सकिनाभाभी चुलीपाशी नव्हतीच. ती दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. "पानी कवाच ठेवलंय!" ती ओरडली आणि रडता रडता हसायला लागली.

मास्तरांनी मला पुढचं गाणं सुरू करायची खूण केली. मी ट्रम्पेट ओठाला लावला, पण सूर निघेना. घशात आवंढा असला की आमचं वाद्य निकामी. ढोलवाल्याचं बरं असतं. जलीलच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ठेका तसूभरही हलला नाही.