मुक्या कीबोर्डचे मामू

एखादी गोष्ट समजली नाही की पातूरच्या मामूंचा चेहरा उजळायचा. बाकीची माणसं अशा वेळी मान डोलावतात, विषय बदलतात, नाहीतर चिडतात. मामू चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याच्या जवळ सरकून बसायचे आणि म्हणायचे, "नाही समजलं. आता पहिल्यापासून सांग." सांगणारा कंटाळायचा, मामू कंटाळत नसत. आयुष्यात त्यांना नक्की काय समजलं होतं हे मला कधी कळलं नाही. न समजण्याची लाज त्यांना वाटत नसे, एवढं मात्र नक्की.

सगळं गाव त्यांना मामूच म्हणायचं. बसस्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दिवसभर मशीन, आणि लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. ऑर्केस्ट्रा दिगांबरभाऊंचा. ते ढोलकी वाजवायचे, कार्यक्रम ठरवायचे आणि सगळ्यांवर ओरडायचे. मी गायची. कॉलेज संपलं होतं, लग्न ठरत नव्हतं, म्हणून घरच्यांनी गाऊ दिलं होतं. मामू बरोबर आहेत म्हटल्यावर वडील निर्धास्त असत.

ती वर्षं वाईट होती. कापूस घरात आला तरी घरं उजळत नव्हती. गावोगावहून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या इतक्या बातम्या यायच्या की शेजारच्या आळीत लग्न असलं तरी लाउडस्पीकर लावायची लोकांना चोरी वाटायची. ठरलेले कार्यक्रम रद्द व्हायचे आणि दिगांबरभाऊ कोणाला बोलही लावू शकत नव्हते. त्यातच मामूंचा कीबोर्ड गेला.

गेला म्हणजे पुरता गेला नाही, हाच तर घोळ होता. बटण दाबलं की दिवे लागायचे, पडद्यावर आकडे यायचे, पट्ट्या खालीवर व्हायच्या. आवाज मात्र नाही. अकोल्याच्या मेकॅनिकनं उघडून पाहिलं आणि सांगितलं, "याचा आवाज काढणारा भाग जळला. तो भाग आता मिळत नाही. बाकी सगळं चालू आहे."

"म्हणजे हा ऐकते, पण बोलत नाही?" मामूंनी विचारलं.

"तसंच समजा."

"मग त्याले ऐकू आलं हे आपल्याले कसं समजावं?"

मेकॅनिकनं दिगांबरभाऊंकडे पाहिलं. दिगांबरभाऊंनी छताकडे.

मामूंचा भाचा इम्रान पुण्यात कंप्युटरच्या कामाला होता. त्यानं फोनवर सांगितलं की कीबोर्डच्या मागे एक गोल भोक आहे, त्याला मिडी म्हणतात. कोणती पट्टी दाबली ते कीबोर्ड त्या भोकातून दुसऱ्या यंत्राला कळवू शकतो आणि आवाज ते यंत्र काढेल.

मामूंनी फोन कानापासून दूर धरला आणि मला म्हणाले, "वैशू, मिडी म्हणजे फ्रॉक ना? मी ढीगभर शिवल्या."

इम्रानला जुन्या व्हिडिओ गेमवर गाणी करायचा नाद होता. पोरं हातात धरून खेळतात तो खेळ. त्यानं त्यातला एक पाठवून दिला. सोबत त्यात घालायची कॅसेट आणि स्वतः जोडून केलेली एक डबी. ही डबी कीबोर्ड आणि गेमच्या मधे बसवायची, म्हणजे कीबोर्डच्या पट्ट्यांवर गेम वाजेल. दुसरा कीबोर्ड मिळेपर्यंत यावर भागवा, असा निरोप होता. दुकानात कापडाच्या ठाणांमध्ये ते सगळं मांडलं तेव्हा दिगांबरभाऊ हताश होऊन म्हणाले, "आता लग्नात आपण गेम खेळाचा?"

जोडलं. मामूंनी पट्टी दाबली. काहीच नाही.

पुढचे कित्येक दिवस दुकानात हेच चाललं होतं. मी रियाजाच्या नावाखाली जायची आणि वायरी धरून बसायची. मामू ग्राहकाच्या विजारीची टीप घालता घालता मधेच उठून एक वायर काढायचे, दुसरीकडे लावायचे, पुन्हा मशीनवर बसायचे. इम्रान फोनवरून विचारायचा, मी पडद्यावरचं वाचून सांगायची आणि दोघांच्या मधे मलाच काही कळत नसायचं. शेवटी गेम आणि डबीच्या मधली वायर संशयात सापडली. ती मी अकोल्याच्या बाजारातून आणली होती, कारण इम्रानची वायर वाटेत तुटली होती. मामूंनी टॉर्चचा बल्ब आणि सेल घेऊन तिची एकेक तार तपासली. बाहेरून पुरती दिसणाऱ्या त्या वायरीत आतल्या काही तारा घातल्याच नव्हत्या.

"कावून नाही घातल्या?" मामू मला विचारू लागले, जणू वायर मीच बनवली होती. "टोकाले जागा आहे, टाचण्या आहेत, अन् आत तार नाही. हे कसं?"

नवी वायर आली. तरी शुकशुकाट. मग कळलं की कीबोर्ड एका चॅनलवर बोलतोय आणि गेम दुसऱ्या चॅनलवर कान लावून बसलाय. हे मामूंना टीव्हीमुळे पटकन पटलं. आकडा बदलला, पट्टी दाबली आणि गेममधून आवाज आला. बारीक, टोचरा, पत्र्याच्या पिपाणीसारखा. मी हसले. मामूंचे डोळे भरून आले होते. मुका कीबोर्ड इतक्या दिवसांनी बोलला होता.

आनंद टिकला नाही. मामूंनी हात पसरून तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर सूर एकच आला. पुन्हा दाबल्या, पुन्हा एकच. वायरी बदलल्या, डबी उघडली, सेल बदलले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मामू ते दाखवायचे. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईलासुद्धा त्यांनी तिन्ही पट्ट्या दाबायला लावल्या. एकच सूर. या तक्रारीत मला वाटतं पंधरवडा गेला. शेवटी इम्रानला सगळं सविस्तर सांगितलं तेव्हा तो हसला. "मामू, हा बिघाड नाही. हा असाच असतो. एका चॅनलवर एका वेळी एकच सूर काढतो."

मामूंनी फोन ठेवला. मग गेमवरून हात फिरवत म्हणाले, "हा सनईवाला आहे बेटा. अन् मी पेटीवाला समजून याच्याशी भांडून राहिलो होतो."

त्या दिवसापासून त्यांनी बोटं आवरली. उजव्या हातानं गाण्याची चाल एका चॅनलवर, डाव्यानं खालचा एकेक सूर दुसऱ्यावर. वर्षानुवर्षांची सवय मोडताना त्यांची बोटं अडखळायची. चुकलं की स्वतःच्याच हाताकडे आश्चर्यानं पाहायचे.

चांदूर रेल्वेजवळच्या एका लग्नात आम्ही पहिल्यांदा तो गेम घेऊन गेलो. मुलीकडच्यांनी फार विचार करून आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्या भावकीत आदल्या महिन्यात एक तरणा माणूस गेला होता, आणि लग्न अगदीच मुकं नको म्हणून थोडं गाणं हवं होतं. धांगडधिंगा नको, हे नवरीच्या आजोबांनी दिगांबरभाऊंना दोनदा बजावलं होतं. मांडवात माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलत होती. मामूंनी सुरुवात केली तसे आजोबा काठी टेकत पुढे आले. "हे काय वाजून राहिलं?"

"गेम आहे बाबा," मामू म्हणाले.

"बरं," आजोबा म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसले.

दोन गाणी बरी झाली. तिसऱ्याच्या मधे एक सूर अडकला. मामूंनी बोट उचललं तरी सूर थांबेना. त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली, सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला, मग डबीची वायर उपटली. तरीही तो सूर आपला घुमतच होता. दिगांबरभाऊंची ढोलकी थांबली. सगळा मांडव आमच्याकडे पाहू लागला. आजोबांच्या कपाळावर आठी आली. मामूंचा हात गेमच्या बटणाकडे गेला, आणि मी घाबरून गायलाच सुरुवात केली.

का केली ते आजही सांगता येत नाही. समोरची शांतता सहन झाली नाही, इतकंच. तो सूर माझ्या नेहमीच्या पट्टीच्या बराच खाली होता. त्यालाच सा धरून आमच्या गावच्या बायका हळदीला म्हणतात ते गाणं मी म्हणू लागले. मामूंनी बटणावरचा हात तसाच ठेवला. दुसऱ्या कडव्याला मागून एका बाईचा आवाज आला, मग आणखी काही. पट्टी खालची होती, कोणालाही गाता येईल अशी. नवरीची आई उभी राहून गात होती आणि पदरानं तोंड पुसत होती. आजोबा खाली पाहत बसले होते. गाणं संपेपर्यंत तो सूर हलला नाही.

परतताना गाडीत दिगांबरभाऊ मला शाबासकी देत होते. मामूंचं लक्ष नव्हतं. "वायर काढल्यावरही कसा वाजला असंल?" ते म्हणत होते. घरी गेल्यावर त्यांनी इम्रानला फोन केला. त्यानं तीन कारणं सांगितली, मामूंनी तिन्ही तपासून पाहिली, पण सूर पुन्हा कधी अडकला नाही. न अडकणारा सूर दुरुस्त कसा करायचा, यावर ते पुढे बरेच महिने हैराण होते.

नंतर डीजेवाले आले आणि ऑर्केस्ट्रा बंद पडला. माझं लग्न झालं. मी अमरावतीला, राजापेठेत आले. खाली ट्यूशन क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा कलकलाट, वर आमचं घर. घर चांगलं होतं. गाणं मात्र नव्हतं. कोणी मनाई केली नव्हती, पण पहिल्या आठवड्यात भांडी आवरताना मी गुणगुणले तेव्हा सासूबाईंनी नुसतं पाहिलं होतं. तेवढं पुरलं.

वर्षभरानं मामू भेटायला आले. सासूबाईंनी चहा दिला, पातूरची चौकशी केली. मामूंनी सहज विचारलं, "गाते ना ही इथं?"

"आमच्या घरात सुना गात नाहीत," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मामूंनी चष्मा कपाळावर सरकवला. मला धडकीच भरली. "कावून ताई? इथल्या पाण्यानं घसा खराब होते का?"

"नाही, तसं नाही."

"मंग?"

"पद्धत नाही."

"अच्छा. म्हणजे कोणी बंद केलं? तुमच्या सासूबाईंनी?"

सासूबाई विचारात पडल्या. "तसं कोणी बोललं नाही कधी."

मामू खरोखरच गोंधळले होते. टोमणा मारायचा असता तर सासूबाईंनी त्यांना तिथंच उत्तर दिलं असतं. पण समोरचा माणूस तोंड उघडं टाकून, समजून घ्यायला बसला होता. "मले काही समजलं नाही ताई," शेवटी ते म्हणाले. "पण तुमाले समजलं असंल तर राहू द्या." त्यांनी चहा संपवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अकोल्याची बस गाठायला निघून गेले.

उन्हाळा लागला. एका दुपारी गव्हातले खडे निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "मी वन्संना विचारलं. त्यांनाही माहीत नाही."

"काय?"

"तुझ्या मामूंनी विचारलं होतं ते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "गा एखादं."

मी दार लोटायला उठले. जिन्यावरून माणसं येत-जात होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उकडून राहिलं."

संध्याकाळी मी मामूंना फोन केला. त्यांची तब्येत तेव्हा बिघडली होती, फोन त्यांच्या मुलीनं कानाला लावून दिला. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील, शाबास म्हणतील, निदान हसतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या पट्टीत गायली?"

"त्या अडकलेल्या सुराच्या," मी सांगितलं.

"बरं," मामू म्हणाले. ते आमचं शेवटचं बोलणं.