उणे साठ अंशांची दुपार

परदेशी वाळवंटातल्या अराद गावाजवळच्या एका कारखान्यात बाबा फिटर होते आणि मी आकडेमोडीच्या खोलीत. मुंबई सोडून आम्हाला आठेक वर्षं झाली असतील. टाकीतलं उकळतं खारं पाणी किती वेळात निवेल, याचं गणित मी हाताने फिरवायच्या यंत्रावर करायची. आत्ताचा निवण्याचा वेग थोडा वेळ तसाच राहील असं धरायचं, पुढचं तापमान काढायचं, ते हवेपेक्षा किती गरम किंवा थंड यावरून नवा वेग, की पुढचं पाऊल. पावलं जितकी लहान तितकं उत्तर खरं.

नव्या साहेबांना मात्र घाई असायची. "सहा-सहा तासांचं एकेक पाऊल टाक," ते म्हणाले.

सकाळी सहाला हवा तीस अंश, पाणी नव्वद, तासाला पंचवीसने निवणारं. दुपारी बाराला उत्तर आलं उणे साठ!

"साहेब, हे कसं शक्य आहे?"

त्यांनी वजाबाकी तपासली. बरोबर होती. "पाणी गोठून टाकी फुटेल! ब्लँकेटं आणा!"

ऐन उन्हाळ्यात दहा माणसांनी घाम गाळत टाकी गुंडाळली. बाराला बाबा शिडीवर चढले, पाण्यात हात घातला.

"कोमट आहे. अंघोळीजोगं."

साहेबांनी कागदाची पुढची ओळ वाचली. संध्याकाळी सहाला एकशे पासष्ट. "ब्लँकेटं काढा! सगळे बाहेर!"

आम्ही फाटकाबाहेर उन्हात उभे. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. कागद माझ्याच हातचा होता. यंत्र मी सोबत आणलं होतं. तिथेच दगडावर बसून अर्ध्या तासाची बारा पावलं टाकली. बाराचं उत्तर आलं तेहेतीस पूर्णांक सहा. कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी बोट लावून ओळी मोजल्या.

"पावलं लहान केली की हे होतं?"

"हो."

"मग मिनिटाची टाकू."

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच यंत्र घेऊन बसले. तीनशे साठ पावलं! एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मनगट सुजलं, जेवण सुटलं. चौथ्या दिवशी धावत बाहेर आले. "चौतीस पूर्णांक नऊ! मिळालं!"

बाबा पाना पुसत होते. मला मराठीत म्हणाले, "अगं, ती टाकी परवाच रिकामी केली. सांगू का त्यांना?"

"नका सांगू, बाबा," मी म्हटलं.