काटाबाईचा जाड मोबाईल

सन २०२४. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या साली माझ्या मोठ्या बहिणीला मोबाईल पातळ होता म्हणून गाव सोडावं लागलं. हसू नका. कारण तेच आहे, दुसरं नाही, आणि अजून त्यावरून माझं डोकं तापतं.

गावात तिला सगळे काटाबाई म्हणत. तराजूला असतो तो काटा. मी नुसती बाई म्हणायचो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. कोणतीही वस्तू दिली की ती आधी तळहातावर घ्यायची, दोनदा वरखाली करायची आणि मगच तोंड उघडायची. मग ते वांगं असो, पितळेचा गडवा असो की कोणाचं तान्हं लेकरू असो. माझ्या लग्नात सासरहून आलेली अंगठी तिने भर मांडवात अशीच तोलली आणि म्हणाली, "हे तं फुंकरीनं उडते." माझा सासरा पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "खोटं बोललो का मी?" एवढंच मला विचारलं.

तिला आमच्याच गावात दिली होती. गोंदियाकडच्या कामठ्याजवळ आमचं गाव, तिची धानाची बांधी, म्हणजे खाचर, माझ्या बांधीला लागून. भाऊजी वारले तेव्हा तिचा मुलगा सुरेश नागपूरहून आला आणि तेरवी झाल्याबरोबर म्हणाला, आई, आता चल. ती म्हणाली, "माह्या बांधीत कोण उतरते मंग?" मायलेकांचं भांडण दोन दिवस चाललं. शेवटी माझ्यासमोर ठरलं. तिने मोबाईल घ्यायचा. सुरेश रोज सकाळी फोन करील. ती जोवर उचलते तोवर तिने गावात राहायचं. "ज्या दिवशी उचलणार नाहीस, त्या दिवशी गाडी घेऊन येतो," सुरेश म्हणाला. बाई म्हणाली, "देल्ला शब्द."

मोबाईल घ्यायला मीच तिला गोंदियाला नेलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून चकचकीत एक काढला. "अम्मा, ये देखो. एकदम पतला, एकदम हल्का. कमर में रखोगी तो पता भी नहीं चलेगा."

बाईने तो तळहातावर घेतला, वरखाली केला आणि परत दिला. "पताच नाई चालत तं घेऊ कायले?"

दुकानदाराला हे कोणी विचारलं नसावं. तो माझ्याकडे पाहू लागला. मी काय सांगू? बाई तर बरोबरच बोलत होती. शेवटी त्याने खालून धुळीचा एक डबा काढला. कडेला रबर, पाठ फुगलेली, बॅटरी म्हशीसारखी. "ये कोई लेता नहीं अम्मा. ईंट है ईंट." बाईने तोलला. तिचा हात जरा खाली गेला. "हाव," ती म्हणाली, "हा हाये."

तेवढ्यात शेजारी एक पोरगी आपल्या बापाबरोबर आली. ती दोन मोबाईल दोन हातांत घेऊन, हा जाड की तो जाड, असं बराच वेळ करत होती. शेवटी पातळ होता तो घेतला. घेतल्याबरोबर म्हणते, भैया, मजबूत कव्हर दो. त्याने चपलेच्या तळव्याएवढं जाड कव्हर चढवलं. बाईला राहवलं नाही. "अवो पोरी, पतला म्हणून घेतला, अन् लगेच जाडा केला. पयलेच जाडा घेतला असता तं?" पोरगी हसली, बाप हसला, दुकानदार हसला. मी तेव्हापासून पाहतो आहे. उघडा पातळ मोबाईल घेऊन फिरणारा माणूस मला अजून दिसायचा आहे. सगळे पातळ म्हणून घेतात आणि कोट घालून वापरतात. आणि वेडी कोण, तर काटाबाई!

माझी सून म्हणते, बाबा, झोपून पाहताना जड मोबाईल नाकावर पडतो, मनगट दुखतं. असेल, मान्य. पण बाई झोपून मोबाईल पाहत नव्हती.

तिने जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवली आणि मोबाईल डाव्या कमरेला बांधला. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, बाया दिवसभर वाकून असतात. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची पेंडी, डोळे खाली. कमरेला काय आहे आणि काय गेलं, कोणाला समजतं? बाईला समजायचं. वाकली की वीट पुढे झुलायची, उठली की हाडावर आपटायची. "हाड सांगते मले, आहे म्हणून," ती म्हणायची. सकाळी बांधावर उभी राहून मोठ्याने बोलायची, "हाव सुरेश, जित्ती आहो. ठेव आता, बाया थांबल्या आहेत." घरी दुधाच्या गंजावर झाकण, त्यावर तो मोबाईल. मांजरीने कधी तोंड घातलं नाही.

मग दिवाळी आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं. सुरेश सहकुटुंब आला होता. मंडईत कोणीतरी म्हणालं, "काटाबाई, वीट घेऊन कुठं चालल्या? घर बांधता का?" बाई म्हणाली, "तुह्या डोक्यात मारतो, मंग समजन वीट का मोबाईल." सगळे हसले. सुरेश हसला नाही. त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेला, जुना त्याच दुकानात बदलीत देऊन पातळ घेऊन आला. "आई, आता असे जाड कोणी वापरत नाही."

बाईने तोलला. "बापा, हे तं कागद देल्लास."

पण मुलाने प्रेमाने आणला, म्हणून ठेवला. काय केलं तिने? छपराच्या फुटक्या कवेलूचा एक तुकडा घासून गुळगुळीत केला आणि मोबाईलला चिंधीने बांधला. झालं वजन. होळीला आलेल्या तिच्या सुनेने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आई, काचेला चरे पडतात! एवढा महाग मोबाईल, त्याला कवेलू?" सुनेने तुकडा उचलून अंगणात फेकला आणि सुरेशने बाईकडून वदवून घेतलं की पुन्हा बांधणार नाही. मी तिथेच खाटेवर होतो. म्हणालो, अरे, असू दे ना. "मामा, तुम्हाला नाही समजत यातलं." मला समजत नाही! शाळा तिसरीपर्यंत असली तरी वाकल्यावर काय पडतं, एवढं मला समजतं.

पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसात तो मोबाईल पडला. कोणत्या बांधीत, कधी, देवाला ठाऊक. बाईने कमरेला हात लावला तेव्हा पिशवी तिरपी होती आणि रिकामी होती. ती, मी आणि रोवणाऱ्या बाया, सगळ्यांनी चिखल चाचपला. कागद चिखलात सापडतो का कधी? सकाळी सुरेशचा फोन तिला लागला नाही. मग मला लागला. मी म्हणालो, "तुझी आई माझ्यासमोर उभी आहे, धडधाकट आहे, शिव्या देऊन राहिली आहे." तरी तो बायकोसकट गाडी घेऊन आलाच.

"आज मोबाईल हरवला मामा, उद्या ती हरवेल."

"मोबाईल कोणी बदलवला?" मी ओरडलो. "तिचा मोबाईल हरवलाच नव्हता कधी! तू नेला तो. तू आणला तो हरवला!"

"मामा, मोबाईलचं नाही, आईच्या वयाचं बोलतोय मी."

"मोबाईलचंच आहे! वयाला काय झालं? सकाळपासून तिने तुझ्या बायकोच्या दुप्पट काम केलं आहे!"

सुनेने तोंड फिरवलं. फिरवू दे. आजही मी ते वाक्य परत घेत नाही.

नागपूरला बाईने एकच हिवाळा काढला. सुरेश म्हणतो, खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. नसेलच. मी कुठे म्हणतो होती? पण पुढच्या रोवण्याला तिला आणायचं माझ्या मनात होतं, त्याआधीच ती वारली आणि ते मनातच राहिलं.

तिला न्यायला आला त्या दिवशी सुरेश गाठोडं गाडीत ठेवत होता, तेव्हा मी बाईला बाजूला घेतलं. म्हणालो, "नाही म्हण. मी उभा आहे इथे, पाहतो कोण नेतो तुला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. "शब्द देल्ला ना मी. आता त्याले हलका करू कायले?" मग तिने माझा हात तळहातावर घेतला आणि दोनदा वरखाली केला, वांगं तोलायची तसा. "हलका होऊन राहिलास रे. जेवत जा." गाडीत बसताना मुलाला म्हणाली, "चाल बापा. माहं वजन तुले झेपते का पाहू." अर्धा रोवणा तसाच सोडून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने गोंदियाला गेलो आणि शटर उघडेपर्यंत त्या दुकानाच्या पायरीवर बसलो. जुना मोबाईल मागितला. दुकानदाराने तोच धुळीचा डबा काढला. "दादाजी, वैसा ही पड़ा है. भारी है, कौन लेगा?"

"मी."

त्याने तो चार्जिंगला लावला, माझं सिम घातलं. मी सुरेशच्या बायकोच्या नंबरवर फोन लावायला सांगितला. तिने उचलला. म्हणालो, बाईला दे.

"काऊन रे?" बाईचा आवाज आला.

"तुझा मोबाईल सापडला. जाडा. माझ्या हातात आहे."

बाई म्हणाली, "जड लागते का?"

"हाव."

"मंग बांध कमरेले. अन् उभा काय राहिला? माहा रोवणा अर्धा आहे."

मी तिथेच दुकानात मोबाईल पंच्याच्या टोकात गुंडाळून डाव्या कमरेला बांधला. दुकानातली माणसं पाहत होती. पाहू दिलं. गावाला उतरलो तो घरी गेलोच नाही, सरळ तिच्या बांधीत उतरलो आणि वाकलो.