आईची काळी हीर

परवा पुण्याहून आटपाडीला घरी पोचले, तर दारात चपलांचा ढीग. धावतच आत गेले, बघते तर भावकीतली मंडळी मजेत चहा पीत बसलेली. आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, मांडीवर हळदीकुंकू लावलेला नारळ.

नारळ कुणाला? तर मला!

आमच्याकडे असा मानाचा नारळ पाणाड्याला देतात. विहिरीला पाणी कुठं लागेल ते जमिनीवरून फिरून सांगणारा माणूस तो. आता सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलंय, तरी आमच्या माणसांचा खरा जीव अजून विहिरीतच...

"तुजी आय म्हनली, तू काम्पुटरवर काळी हीर हुडकतीस," तात्या म्हणाले. "म्हटलं, आमच्या माळावरची जागा बी बघ की."

अहो, मी कृष्णविवरांवर काम करते. विवर! फोनवर आईला कितीदा समजावून सांगितलंय. आणि आईनं त्याची हीर, म्हणजे विहीर, करून गावभर वाटली होती...

आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी. माझ्याकडे बघायलाच तयार नाही. खरं सांगावं तर चारचौघांत आईचं हसं होणार, न सांगावं तर तात्या उद्याच माळावर खोदायला मशीन बोलावणार! हसू येत होतं आणि आईसाठी जीवही तुटत होता.

शेवटी लॅपटॉप उघडला आणि कृष्णविवराची दोन चित्रं लावली. एक जगभरातल्या दुर्बिणींनी मिळून टिपलेलं, धूसर. दुसरं आमच्या टीमनं कॉम्प्युटरवर गणितं मांडून तयार केलेलं, एकदम स्वच्छ. ही दोन्ही एकमेकांशी जुळतात का, ते बघणं म्हणजे माझी नोकरी.

"ह्यो फोटू हाललाय," पहिल्याबद्दल तात्यांनी निकालच दिला. दुसऱ्याकडे मात्र चष्मा वरखाली करत बघत राहिले... भोवती नारंगी उजेडाचं कडं, मधे काळाकुट्ट अंधार.

"आरं, काठावरनं वाकून बघितल्यागत हीरच हाय की ही! पानी कवा लागलं?"

आता मात्र खरं सांगणं भाग होतं. म्हटलं, तात्या, ही आभाळातली हीर, हिला पाणी नाही. हिच्यात पडलेलं काही परत येत नाही, उजेडसुद्धा नाही. आपल्याला दिसतो तो फक्त तिच्या भोवतीचा उजेड...

आईनं डोळेच मिटून घेतले.

"म्हंजी पोहरा सोडून उपेग न्हाई," तात्या म्हणाले, आणि अख्खी भावकी खो खो हसत सुटली. आईसुद्धा. जाताना तात्यांनी नारळ माझ्याच हातात ठेवला. एवढ्या लांबची हीर घावली म्हंजी मान तुजाच, म्हणाले. किती गोड माणसं आहेत ही!

सगळे गेल्यावर मी आईला चिडवायला लागले. विवर गं आई, विहीर नव्हे!

"ठावं हाय मला," आई नारळ सोलता सोलता म्हणाली. "ज्यातनं उजेड बी माघारी येत न्हाई त्ये विवर. पर तसं सांगितलं की बाया म्हनायच्या, आसलं कसलं काम, लगीन कवा करतीया पोरगी? हीर हुडकती म्हटल्यापास्नं, मानाचं काम म्हनून कुनी तोंड उघडत न्हाई बघ. आता ही मान्सं नारळ घिऊन येतील आसं कुटं वाटलं हुतं मला!"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले...

इतकी वर्षं मला वाटायचं, माझं काम आईपर्यंत पोचतच नाही. ते तिला पाठ होतं. आणि वर माझ्यासाठी ती साऱ्या गावाला खुशाल थापा मारत होती... लय लय प्रेम आलं तिचं.

आईनं नारळ फोडला. त्याचं पाणी आम्ही दोघी एकाच पेल्यातून प्यायलो.

काळ्या हिरीला पाणी लागलं म्हणायचं...